धरणे आणि सोडणे

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांना मराठी कॅथलिक उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. त्याची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. त्या दिवशी मिस्सेच्या वेळी धर्मगुरू भाविकांना राख लावतात. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख तयार झालेली असते. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार आणि त्या दिवशी उपवास नाही. उरलेले चाळीस दिवस येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांशी जुळतात. गोव्याच्या कोंकणीत या काळाला ‘कोरेज्म’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी ‘चाळिसावा’ हाच अर्थ आहे.

नवी मुंबईत हा काळ एकाच दिवशी सुरू होत नाही. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा तिथे राहायला आलेल्या कॅथलिकांमध्ये गोव्याचे, मंगळूरचे, मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन, तमिळ आणि मोठ्या संख्येने केरळचे लोक होते. उरण-करंजाच्या बाजूला तर पोर्तुगीज अमदानीपासूनची ख्रिस्ती वस्ती होतीच. वाशीच्या सेक्रेड हार्टसारखी लॅटिन विधीची चर्च मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतात. केरळी सिरो-मलबार कुटुंबांसाठी 1988 साली कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. दोघांचेही पोप एकच, श्रद्धाही एकच, पण पंचांग वेगळे. सिरो-मलबार परंपरेतला मोठा उपवास राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी, सोमवारी लागतो. ते रविवार वगळत नाहीत आणि आदला रविवार व ईस्टर दोन्ही धरून पन्नास दिवस मोजतात. म्हणून मल्याळम घरांत या काळाला पन्नास दिवसांचा ‘नोंब’ म्हणतात. 2025 सालीच पाहावे: 26 फेब्रुवारीला महाशिवरात्र झाली, 2 मार्चला रमजानचा पहिला रोजा, 3 मार्चला सिरो-मलबार उपवास सुरू आणि 5 मार्चला राखेचा बुधवार. एकाच जिन्यावरच्या चार दारांआड एका आठवड्यात चार प्रकारचे उपवास लागले असतील, तर या शहरात त्यात नवल नाही.

हे चार उपवास एका शब्दात मावत असले तरी त्यांचे व्याकरण निरनिराळे आहे. रोज्यात प्रश्न वेळेचा असतो: पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. एकादशीला किंवा शिवरात्रीला प्रश्न पदार्थाचा असतो: धान्य चालत नाही, साबुदाणा, वरी, शेंगदाणे, रताळी चालतात आणि ती किती खावीत याला सहसा बंधन नसते. कॅथलिक शिस्तीने या दोन बाबी वेगळ्या करून त्यांना दोन नावे दिली आहेत. एक उपवास, म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण आणि आणखी दोन वेळा थोडेसे खाणे. दुसरे मांसवर्जन, म्हणजे मांस अजिबात नाही, मग बाकीचे किती का खाल्ले जाईना. पहिल्याचा संबंध परिमाणाशी, दुसऱ्याचा प्रकाराशी. त्यामुळे राखेच्या बुधवारी दुपारी वरणभात पोटभर जेवलेल्या माणसाचाही उपवास असू शकतो, आणि शेजारच्या घराला हे पटकन उमगत नाही.

सध्याचा नियम पाहिला तर तो फार थोडे मागतो. पोप सहावे पोल यांनी 17 फेब्रुवारी 1966 रोजी प्रायश्चित्ताच्या शिस्तीची नवी मांडणी केली आणि 1983 च्या धर्मसंहितेत तीच थोड्याफार बदलाने कायम झाली. सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. हे दोन दिवस आणि शुक्रवार मांसवर्जनाचे. उपवास 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या प्रौढांना. मांसवर्जन 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून पुढे. आजारी आणि गर्भवती यांना सूट आहे. वर्ज्य करण्याऐवजी दानधर्म किंवा भक्तीची कामे ठरवून देण्याचा अधिकार त्या त्या देशाच्या बिशपांना आहे. सिरो-मलबार चर्चला पौर्वात्य चर्चची वेगळी संहिता लागू आहे आणि तिथे सक्तीच्या उपवासाचा पहिला दिवस म्हणजे तो सोमवार.

पूर्वीची शिस्त कडक होती. मध्ययुगात युरोपात पूर्ण चाळीस दिवस एकदाच जेवण असे, तेही दिवस कलल्यावर, आणि मांसाबरोबर अंडी, दूध, लोणीही बंद. फ्रान्समधल्या रुआं शहराच्या कॅथीड्रलचा एक मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. उपवासकाळात लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशातून तो बांधला गेला, असे सांगतात. सूट विकत मिळू लागली की व्रताचे तेज जाते, आणि धर्मसुधारकांचा संताप इथूनही पेटला. 1522 साली झुरिकमध्ये उपवासकाळात मुद्दाम सॉसेज खाल्ले गेले. तिथले धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी त्या कृत्याची बाजू घेतली आणि खाण्यापिण्याच्या नियमाने माणूस तरत नाही असे व्यासपीठावरून सांगितले. त्या आक्षेपात तथ्य होते. नियम पाळल्याने देवावर ऋण चढत नाही, हे कॅथलिक धर्मशास्त्रही मान्य करते. वाद एवढाच की मग नियम ठेवावा कशाला.

धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाला तीन अंगांनी उत्तर दिले: वासना आवरण्यासाठी, मन वर उचलले जावे म्हणून आणि पापांची भरपाई म्हणून. मांसच का, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्यांचे मांस माणसाच्या शरीराला जवळचे, म्हणून ते अधिक चवीचे आणि अधिक पोसणारे. मासळी तशी नाही. भूमध्य समुद्राच्या काठी हा युक्तिवाद चालून गेला असेल, कोकणच्या किनाऱ्यावर तो लंगडा पडतो. इथे मासळी हेच रोजचे आणि आवडीचे खाणे, आणि चांगले पापलेट कोंबडीपेक्षा महाग. शुक्रवारी मटण टाळून बेलापूरजवळच्या दिवाळ्याच्या बाजारातून सुरमई आणली तर संहितेचे अक्षर पाळले जाते, पण त्यागाचे नावही उरत नाही. गोमंतकीय आणि ईस्ट इंडियन घरांनी हे केव्हाच ओळखले. म्हणून अनेक कुटुंबे या दिवसांत मासळीही बंद ठेवतात, काही निदान शुक्रवारी तरी. गुड फ्रायडेला पेज आणि सोबत लोणचे किंवा चटणी, केरळी घरात कांजी आणि शिजवलेले कडधान्य, एवढ्यावर दिवस निघतो. हे नियमात कुठे लिहिलेले नाही. नियम जिथे सैल पडला तिथे लोकांनी स्वतःच तो आवळून घेतला. शेजारच्या आगरी-कोळी गावांत श्रावणात वशाट, म्हणजे मांस-मासळी, बंद होते आणि त्याच्या आदल्या दिवसांत खाण्यापिण्याची धमाल असते. गोव्यात राखेच्या बुधवारआधीच्या ‘इंत्रूज’चेही तसेच. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांना ही चाल ओळखीची आहे.

उपवासकाळ केवळ पोटाचा नसतो. वेदीवर फुले नसतात, धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, ‘आलेलुया’ हा शब्द उपासनेतून गायब होतो. दर शुक्रवारी क्रूसाची वाट चालली जाते, म्हणजे चौदा थांब्यांवर थांबून येशूच्या दुःखसहनाचे चिंतन केले जाते. लग्ने शक्यतो टाळतात. मराठीत तर या काळाने साहित्यालाही हात लावला आहे. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यानंतर 1659 साली लिस्बनमध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचे पुराण निघाले. ते उत्तर कोकणच्या मराठी बोलीत असून त्याचा विषयच ख्रिस्ताचे दुःखसहन आणि मरण हा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावे लागले. कथाकीर्तनावर वाढलेल्या समाजाने उपवासाच्या दिवसांत ऐकायला कथाच मागितली, हे स्वाभाविक होते.

सक्ती इतकी थोडी असल्याने आज उपवासकाळाचा खरा भार स्वेच्छेच्या त्यागावर आहे. कोणी चहा सोडतो, कोणी गोड, कोणी दारू, कोणी मोबाइलवरचे करमणुकीचे तास. मराठी कानाला हे अनोळखी नाही. चातुर्मास लागण्याआधी कांदेनवमी करून कांदा-लसूण आणि वांगे बंद करणारी घरे अजून आहेत, आणि काशीयात्रेला गेलेली माणसे तिथे एखादा आवडता पदार्थ सोडून येत. पण काशीला सोडलेले जन्माचे सोडलेले असते. उपवासकाळात सोडलेले ईस्टरला परत घ्यायचे असते. हा फरक वरवरचा नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार सृष्टी देवाने निर्माण केली आणि ती चांगली आहे असे पाहिले. मांस, द्राक्षारस, गोडधोड यांत मुळात काही अशुद्ध नाही. चांगली वस्तूच सोडायची असते. दारूच्या नशेत घरच्यांना मारहाण करणाऱ्याने चाळीस दिवस हात आवरला तर तो उपवासकाळाचा त्याग ठरत नाही. ते थांबवणे त्याचे वर्षभराचे कर्तव्य आहे. चहा सोडणाऱ्याचा चहावर राग नसतो. आपण चहा पितो की चहाच आपल्याला धरून आहे, याचा उलगडा त्याला चौथ्या-पाचव्या दिवशी होतो.

मराठीत उपवास ‘धरतात’ आणि जेवून तो ‘सोडतात’. उपवासकाळात मात्र आधी वस्तू सोडायची आणि मग उपवास धरायचा असतो, आणि ईस्टरला उपवास सोडून वस्तू पुन्हा हातात घ्यायची असते, आता सैल मुठीने. वजन उतरावे म्हणून भात बंद करणाऱ्याच्या आणि उपवासकाळात भात बंद करणाऱ्याच्या ताटात काहीच फरक दिसत नाही. फरक असतो तो ताट कोणासमोर रिकामे ठेवले यात. म्हणून राखेच्या बुधवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही लोकांना दाखवण्यासाठी करू नका, उपवास करताना तोंड धुऊन प्रसन्न राहा, असे येशू त्यात बजावतो. कपाळावर राख लावून घेण्याच्या दिवशीच हा उतारा यावा, ही जाणीवपूर्वक ठेवलेली विसंगती आहे आणि ती भाविकाला टोचली पाहिजे.

दान, प्रार्थना आणि उपवास या तिहींत दानाचे स्थान शेवटचे नाही. यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायात देव उपवास करणाऱ्यांनाच जाब विचारतो: उपाशी राहून तुम्ही मजुरांना राबवता आणि भांडता, हा कसला उपवास? भुकेल्याला आपल्यातले देणे, बेघराला घरात घेणे, हा त्याला हवा असलेला उपवास. ऑगस्टीनसारख्या आचार्यांनी यातून सरळ हिशेब काढला: न खाल्लेल्या जेवणाचे पैसे वाचले तर ते आपले नाहीत, ज्याला जेवण मिळाले नाही त्याचे आहेत. ते खिशात राहिले तर उपवासाचे रूपांतर काटकसरीत होते. भारतात कारितास इंडिया ही संस्था उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते आणि त्यासाठी देशभरच्या चर्चमध्ये निधी जमतो. मुंबई महाधर्मप्रांताच्या पर्यावरण कार्यालयाने गेल्या काही वर्षांत ‘कार्बन उपवास’ मांडला: वीज, पाणी, प्लास्टिक, वाहन यांचा वापर या दिवसांत दिवसागणिक कमी करायचा. काहींना हे धर्मापासून दूर गेल्यासारखे वाटते. पण खाडी, कांदळवन आणि मिठागरांवर भराव घालून वाढलेल्या शहराला यशयाचा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा झाला तर तो असाच विचारावा लागेल.

शेवटचा आठवडा दोन्ही पंचांगांना एकत्र आणतो. झावळ्यांचा रविवार एकच, गुरुवारही एकच. त्या संध्याकाळी लॅटिन चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मिस्सेत धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. रात्री केरळी घरांत कर्ता माणूस बिनखमिराची भाकरी, पेसहा अप्पम, मोडतो आणि ती नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या पेयाबरोबर वाटली जाते. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिथे ती केली जात नाही. शेजारी किंवा नातेवाईक आणून देतात. शुक्रवारी मिस्सा नसतेच. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि हरवलेला ‘आलेलुया’ परत येतो. पुढचा आनंदकाळ पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा, म्हणजे लॅटिन उपवासकाळापेक्षा दहा दिवसांनी मोठा. त्यातल्या पहिल्या आठवड्याचा प्रत्येक दिवस महोत्सवाच्या दर्जाचा मानला जातो, आणि महोत्सवाच्या दिवशी मांसवर्जन लागू होत नाही, म्हणून ईस्टरनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मटण शिजले तरी नियमाची हरकत नसते.