रिकाम्या घराची अमानत

उन्हाळ्याची सुट्टी, गावाकडील लग्नकार्य, उमऱ्याचा प्रवास किंवा आखाती देशात नोकरी करणाऱ्या मुलाकडे काही महिन्यांचा मुक्काम, कारण कोणतेही असो, आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या दाराला वर्षातून एकदा तरी दीर्घकाळ कुलूप लागते. त्या वेळी मनुष्याच्या मनाच्या दोन अवस्था दिसून येतात. एक मन म्हणते, रक्षण करणारा अल्लाह आहे, तकदीरीत असेल ते होईल, मग इतका बंदोबस्त कशासाठी? दुसरे मन कडी-कोयंडा चार वेळा ओढून पाहते आणि तरीही काबागृहासमोर उभे असताना घरच्या कपाटात अडकून राहते. पहिल्या अवस्थेला आपण तवक्कुल समजतो आणि दुसरीला सावधगिरी. वाचकहो, थोडा विचार केला तर दोन्ही समजुती अपुऱ्या असल्याचे ध्यानात येईल.

उंटाला बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे विचारणाऱ्या मनुष्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधण्याचा आणि मग भरवसा ठेवण्याचा उपदेश केला, ही तिर्मिजीच्या संग्रहातील हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. सूरह यूसुफमध्ये हाच धडा अधिक हृदयस्पर्शी रूपात येतो. ह. याकूब (अलै.) आपल्या मुलांना मिसरमध्ये एकाच दरवाजाने न जाता निरनिराळ्या दरवाजांनी प्रवेश करण्यास सांगतात आणि लगेच स्पष्ट करतात की अल्लाहच्या निर्णयापुढे माझा हा उपाय तुमच्या काही कामी येणार नाही. उपाय सांगणाराही तोच पिता आणि उपायाची मर्यादा सांगणाराही तोच. तवक्कुल म्हणजे उपायाचा अभाव नव्हे. उपाय पूर्ण करून त्यावर विसंबून न राहणे, हे तवक्कुल होय. रात्री अल्लाहचे नाव घेऊन दारे बंद करण्याची शिकवण बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. कडी लावणारा हात आणि बिस्मिल्लाह म्हणणारी जीभ तेथे एकाच कृतीत एकत्र येतात.

आता कोणी म्हणेल, माल माझा आहे. मी तो उघड्यावर ठेवीन, नुकसान झाले तर माझेच होईल. परंतु आपल्या कपाटात ठेवलेले सारे काही खरोखर आपलेच असते काय? विवाहित बहिणीने सुरक्षित राहावेत म्हणून दिलेले दागिने, भिशीचे जमलेले पैसे, मशिदीच्या कामाची वर्गणी, एखाद्या विधवा शेजारणीची पुंजी, कोणाच्या जमिनीची कागदपत्रे, ही सारी अमानत आहे. इ.स. ६२२ मधील हिजरतचा प्रसंग आठवावा. मक्केतील लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, तरीही मक्केतील लोकांच्याच ठेवी त्यांच्याजवळ होत्या. घर सोडण्याची ती रात्र प्राणसंकटाची होती. तथापि त्या ठेवी मालकांना परत करण्यासाठी ह. अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले आणि ते काम आटोपूनच ते मदीनेस निघाले. घर सोडताना पहिला विचार स्वतःच्या मालाचा नव्हे, दुसऱ्याच्या ठेवीचा करावा, हा या प्रसंगाचा धडा आहे.

फिकहच्या ग्रंथांतही हे तत्त्व स्पष्ट आहे. अमानतदाराने ठेव योग्य प्रकारे जपली आणि तरीही ती चोरीस गेली, तर त्याच्यावर भरपाई येत नाही. मात्र त्याने हलगर्जीपणा केला असेल तर भरपाई द्यावी लागते. म्हणून दीर्घ प्रवासापूर्वी शक्य तितक्या अमानती परत कराव्यात आणि उरलेल्यांची लेखी नोंद घरातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहिल्याविना दोन रात्रीही काढू नयेत, अशी ताकीद हदीसमध्ये आहेच. जकातचा हिशेब करताना आपण सोन्याचे वजन काढतो. साडेसात तोळे, म्हणजे सुमारे ८७.४८ ग्रॅम, हा निसाब आपल्या घरांत परिचित आहे. तीच यादी छायाचित्रांसह जपून ठेवली, तर जकातही चोख होते आणि दुर्दैवाने चोरी झाल्यास पोलीस ठाण्यात अंदाजाने बोलण्याची वेळ येत नाही. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे घरापेक्षा बरे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तेथे चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे, हेही ध्यानात असावे. विमानतळावरील छायाचित्र त्याच क्षणी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवणे म्हणजे आपले घर रिकामे असल्याची दवंडी पिटणे होय. उमरा इबादत आहे. तिची जाहिरात परतेपर्यंत थांबली तर इबादतही जपली जाते आणि घरही.

परंतु ही जबाबदारी केवळ जाणाऱ्यांची नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्यांच्या घरात परवानगीवाचून शिरण्यास मनाई आहे आणि त्यापुढे एक विशेष आज्ञा आहे: घरात कोणीही आढळले नाही, तरी परवानगी मिळेपर्यंत आत जाऊ नका. म्हणजे घराची हुरमत माणसांच्या उपस्थितीवर अवलंबून नाही. रिकाम्या घरालाही हक्क आहे. तो हक्क सांभाळणारा पहिला मनुष्य शेजारी होय, मग तो कोणत्याही धर्माचा असो. दारात साचलेली वर्तमानपत्रे उचलणे, संध्याकाळी ओट्यावरील दिवा लावणे, अनोळखी मनुष्य घुटमळताना दिसल्यास चौकशी करणे, ही कामे लहान दिसतात. मात्र ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याचा ईमान पूर्ण नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती लहान वाटणार नाहीत. आपण कॅमेरा लावतो तेव्हाही त्याचा डोळा आपल्याच दारावर असावा. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारा कॅमेरा पहारा देत नाही, तर ज्याला कुरआनने मनाई केली आहे तो तजस्सुस करतो.

आणि इतके करूनही चोरी झाली तर? खरी परीक्षा येथे आहे. कुलूप तुटल्याचे कळताच बहुतेक घरांत पहिले नाव उच्चारले जाते ते धुणीभांडी करणाऱ्या बाईचे, इमारतीच्या वॉचमनचे किंवा एखाद्या गरीब नातलगाचे. काही ठिकाणी लोटा फिरवून किंवा आमिलाकडे जाऊन चोराचे नाव काढले जाते. गुप्त गोष्टी सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणा करणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, अशी सहीह मुस्लिममध्ये ताकीद आहे. अशा रीतीने निघालेल्या नावामुळे किती निरपराध माणसांची रोजी गेली असेल, याचा हिशेब आपण कधी करतो का?

मदीनेतील एका घरफोडीची हकिकत तिर्मिजीच्या संग्रहात आणि तफसीरच्या ग्रंथांत आली आहे. ह. रिफाआ (रजि.) यांची साठवणीची खोली रात्री फोडून पीठ व हत्यारे नेण्यात आली. बनू उबैरिक या घराण्याने संशय दुसऱ्या निरपराध मनुष्यावर ढकलला. काही तफसीरकारांच्या मते तो मदीनेतील एक यहुदी होता. संशयित घराण्याच्या बाजूने आप्तेष्ट बोलू लागले. तेव्हा सूरह निसामधील आयती अवतरल्या. विश्वासघात करणाऱ्यांची बाजू घेण्यास मनाई झाली आणि आपला गुन्हा निरपराधाच्या माथी मारणे हे उघड पाप व बोहतान ठरवण्यात आले. एका घरफोडीच्या निमित्ताने आलेली ही शिकवण कयामतपर्यंत वाचली जाईल, आणि तिचा भर गेलेल्या मालापेक्षा निरपराधाच्या अब्रूवर आहे.

तेव्हा चोरी झाल्यास तक्रार जरूर करावी, तो आपला हक्क आहे. परंतु जे पाहिले तेवढेच सांगावे. संशयाला साक्षीचा पोशाख चढवू नये. चोराने नेलेला माल अल्लाह दुसऱ्या मार्गाने देऊ शकतो. आपण हिरावलेली अब्रू मात्र आपल्यालाच परत करावी लागेल, आणि येथे केली नाही तर आखिरतमध्ये आपल्या नेक्यांतून.

प्रवासाच्या दुआमध्ये आपण अल्लाहला प्रवासातील सोबती आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा सांभाळ करणारा म्हणून हाक मारतो. निरोपाच्या दुआमध्ये तर ज्याच्याकडील ठेव कधी वाया जात नाही, त्याच्या स्वाधीन आपण आपल्या माणसांना करतो. बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी दाराला कुलूप लावाल तेव्हा ते मजबूत लावा, शेजाऱ्याला सलाम-नमस्कार करून निघा आणि ही दुआ समजून म्हणा. मग किल्ली खिशात असू द्या; हृदय मात्र किल्लीपाशी ठेवू नका.