गंजाची साक्ष

पावसाळा लागला म्हणजे जुन्या मोटारींचीं गुपितें बाहेर पडूं लागतात. चैत्र-वैशाखांत विकत घेतलेली जीप उन्हांत चकचकीत दिसते. परंतु मृगाच्या दोन सरी पडल्या कीं पायाखालचा गालिचा ओला लागतो, आंत कुबट वास सुटतो, काच आंतून धूसर होते. आणि गालिचा उचलून पाहावें तों खालचा पत्रा तांबूस पडलेला, बोटानें दाबतांच पापुद्रे सुटणारा! आमच्या वाशीम जिल्ह्यांत पूर्वीं बाजारांतून आणलेल्या बैलाच्या खोडीविषयीं जी तक्रार ऐकूं येत असे, तीच आतां जुन्या चारचाकी गाडीविषयीं ऐकूं येते. वस्तु बदलली, तक्रार बदलली नाहीं. म्हणून या आठवड्यांत आम्ही वाचकांपुढें एक जुनाच प्रश्न ठेवीत आहों. आपल्या मालांतील जें व्यंग आपणांस ठाऊक आहे व घेणाऱ्यास ठाऊक नाहीं, तें त्यानें विचारलें नसतांहि सांगणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे काय?

प्रश्न पोकळ राहूं नये म्हणून एक उदाहरण घेऊं. असें समजा कीं, रिसोड किंवा मानोरा तालुक्यांतील एखाद्या खेड्यांत आपला एक बंधु आहे. दोन हंगामांचें सोयाबीन व तूर विकून, वर थोडें कर्ज काढून, त्यानें दूरच्या शहरांतील एका दलालाकडून जुनी जीप घेतली. हेतु वाईट नव्हता. आजाऱ्यास वाशीमच्या दवाखान्यांत न्यावें, उपासनेस आसपासच्या वस्त्यांवरील म्हातारीं माणसें आणावीं, लग्नसराईंत भाड्यानें चार पैसे मिळवावे. आषाढांत गाडी गळूं लागली. मिस्त्रीनें गालिचा काढून दाखविलें कीं, तळाच्या पत्र्यास गंजानें भोकें पडलीं असून त्यांवर पुट्टी भरून काळा रंग फांसलेला आहे. बंधूचें तोंड उतरलें. तेव्हां मिस्त्री सहज म्हणाला, "दादा, येवढं मनाले लावून घेऊ नका. मी पुन्हा पुट्टी भरून रंग मारून देतो. दिवाळी झाली का कोरड्या दिवसांत काढून टाका. तुमाले तरी कोनं सांगतलं होतं?"

या शेवटच्या वाक्यांत सगळा मोह भरलेला आहे. मिस्त्री दुष्ट नाहीं. तो जगाची रीत सांगत आहे. आणि आमच्या बंधूनें खरें सांगून गाडी विकली तर त्याचे निम्मे पैसे बुडतील, कर्ज मात्र बुडणार नाहीं. म्हणून याचें उत्तर आम्ही घाईनें देत नाहीं.

आधीं गाडी गळते कां तें पाहूं. मोटारींत पाणी मुळींच शिरणार नाहीं, असें ती बनविणारे गृहीत धरीत नाहींत. पुढच्या काचेखालीं व दारांच्या तळाशीं, आणि छतास उघडणारी खिडकी असल्यास तिच्या कोपऱ्यांत, आलेलें पाणी निघून जावें म्हणून छिद्रें व नळ्या ठेविलेल्या असतात. पाला, धूळ व आमची काळी माती यांनीं तीं बुजलीं, अथवा दारांचें रबर वाळून तडकलें, म्हणजे पाणी आंत वळतें. थंड हवेच्या यंत्राचें पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली तरी तेंच होतें. गालिच्याखालचा जाड थर तें पाणी शोषून घेतो व आठवडेच्या आठवडे पत्र्यास ओला ठेवितो. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु एकत्र आले कीं गंज चढतो. पाण्यांत मीठ असल्यास तो अधिक वेगानें चढतो, म्हणून समुद्रकांठीं वापरलेल्या गाड्यांस त्याचा उपद्रव विशेष. गंजास मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा लागते. त्यामुळें तो रंगाला आंतून फुगवितो. बाहेर फोड दिसूं लागतो तेव्हां आंतलें काम पुष्कळ पुढें गेलेलें असतें.

यावरून एवढें स्पष्ट होतें कीं, हा दोष विकणाऱ्यास दिसतो व घेणाऱ्यास दिसत नाहीं. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे सबंध पावसाळ्यांत पडतो त्याच्या तोडीचा तो होता. रस्तोरस्तीं मोटारी पाण्यांत बुडाल्या. अशा पुरांतून निघालेली गाडी कोणी धुऊन, वाळवून, रंगवून लांबच्या जिल्ह्यांत विकली, तर खेड्यांतील शेतकऱ्यास तें कळावें कसें? आतां तर ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग आमच्या मालेगांव, मंगरूळपीर व कारंजा तालुक्यांतून जातो. मुंबईची गाडी एका दिवसांत आमच्या दारीं येऊन उभी राहते. विकणारा व घेणारा पुन्हा एकमेकांचें तोंड पाहत नाहींत. बैलबाजारांत लबाडी करणारास पुढच्या बाजारीं गांठ पडण्याची भीति तरी असे. परक्यास विकणारास तीहि उरली नाहीं.

कायद्यानें या प्रश्नाचा विचार पूर्वींच केला आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा आजहि चालू आहे. त्याच्या १७ व्या कलमांत लबाडी कशास म्हणावें हें सांगतांना घोड्याचे दाखले दिले आहेत. घोडा सदोष आहे हें मालक जाणतो, आणि लिलावांत विकतांना नुसता गप्प राहतो. तर ती कायद्यानें लबाडी होत नाहीं. परंतु घेणारी जर त्याची स्वतःची, नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळें दोष सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणाऱ्यानें आधींच बजाविलें कीं, तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष समजेन, तर मालकाचें मौन हें बोलण्यासारखेंच धरलें जातें. पुढें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्यानें घर किंवा जमीन विकणाऱ्यावर, सामान्य दक्षतेनें न दिसणारा मोठा दोष सांगण्याचें बंधन घातलें.

वाचकहो, या दाखल्यांतील मुलीकडे नीट लक्ष द्या. घोड्याच्या जागीं जीप ठेवून पाहा. कायदा विचारतो, घेणारा तुझा कोण? मुलगी असेल तर बोल. परका असेल तर तुझें मौन मी चालवून घेतों. आमच्या प्रभूला एका शास्त्र्यानें असाच प्रश्न केला होता कीं, माझा शेजारी कोण? तेव्हां प्रभूनें त्यास यरीहोच्या वाटेवर पडलेल्या मनुष्याची व शोमरोनी प्रवाशाची गोष्ट सांगितली, आणि आपला व परका यांमधील कुंपणच उपटून टाकिलें. त्या दिवसापासून ख्रिस्ती मनुष्यास परका गिऱ्हाईक असा उरलाच नाहीं. जो जो त्याच्या दारीं वस्तु घेण्यास येतो, तो तो त्या मुलीच्या जागीं उभा असतो.

हें केवळ आपलेंच मत आहे असें कोणी समजूं नये. सिसेरो नामक रोमी ग्रंथकारानें इ. स. पूर्वीं ४४ या वर्षीं कर्तव्याविषयीं लिहितांना अशाच एका घराचा वाद दिला आहे. घराचें लांकूड खराब आहे, तें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें सांगावें कीं न सांगावें? बाबेलच्या डायोजिनीसाचें म्हणणें असें कीं, न सांगणें म्हणजे फसविणें नव्हे, घेणाऱ्यावर कोणी जबरी केली नाहीं. अंतिपात्र याचें म्हणणें उलट. वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें जर निंद्य, तर चुकीच्या समजुतीनें नुकसानींत उडी घेणाऱ्यास उगाच पाहत राहणें अधिक निंद्य होय. सिसेरोनें कौल अंतिपात्राकडे दिला. हा अंतिपात्र तार्सस नगराचा. त्याच नगरींत पुढें प्रेषित पौल जन्मला. ज्यास सुवार्ता ठाऊक नव्हती त्यास इतकें दिसलें. तर आम्हांस किती अधिक दिसावें!

शास्त्रांत तर या गोष्टीचा विलक्षण दाखला आहे. लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायांत घराच्या भिंतीस लागणाऱ्या चट्ट्यांविषयीं नियम आहेत. हिरवट किंवा तांबूस डाग भिंतींत खोल गेलेला दिसला तर काय करावें? घरधन्यानें स्वतः याजकाकडे जाऊन तें कळवावें. बिघडलेले चिरे काढावे, भिंत खरवडावी, नवा गिलावा करावा. आणि तरीहि डाग फिरून उमटला तर घर पाडावें. गिलावा करण्यास मनाई नाहीं. मात्र कळविणें आधीं, गिलावा मागाहून. आमच्या जगाच्या रीतींत क्रम नेमका उलटतो. गिलावा आधीं होतो, आणि कळविणें कधींच होत नाहीं.

आतां आमच्या बंधूकडे वळूं. तो म्हणेल, "आपण सांगतां तें खरें, पण मला कोणी सांगितलें नाहीं, आणि तोटा मीच कां सोसावा?" हा आक्षेप हलका नाहीं. त्याच्यावर अन्याय झाला आहे, आणि अन्यायाची तक्रार करणें हें पाप नव्हे. ज्यानें जाणूनबुजून दोष झांकला त्याच्याकडे त्यानें अवश्य जावें, दोन साक्षीदार घेऊन जावें. विकणारा व्यापारी असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दोन वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करितां येते. उपजीविकेसाठीं स्वतः चालविण्यास घेतलेल्या वाहनाविषयींहि हा मार्ग बंद नाहीं. पावती, नोंदणीचे कागद आणि मिस्त्रीनें काढलेल्या पत्र्याचें छायाचित्र जपून ठेवावें. परंतु त्याचा हक्क मागें आहे, पुढें नाहीं. ज्यानें त्यास फसविलें त्याच्याकडून तो भरपाई मागूं शकतो. जो अजून त्याच्या दारीं आलाहि नाहीं, त्या निरपराध्याकडून ती वसूल करूं शकत नाहीं. तसें केल्यास तो पहिल्या विकणाऱ्याचा शत्रु न राहतां त्याचा भागीदार होतो.

मग त्यानें काय करावें? गालिचा उचलून दाखवावा. पत्रा कोठें गेला, पाणी कोठून येतें, दुरुस्तीस किती लागेल, हें सांगावें. तेंच विक्रीच्या कागदावर लिहून द्यावें. आणि मग जी किंमत येईल ती घ्यावी. खऱ्या व खोट्या किंमतींत जें अंतर पडेल तें त्यास सोसावें लागेल. त्याच्या हातीं लबाडी थांबली, त्याचा हा खर्च आहे.

येथें आम्ही आपल्या पाळकांस व सुवार्तिकांस एक गोष्ट नम्रपणें सांगतों, आणि ती आम्हांसहि लागू आहे. उपदेशपीठावरून दुसऱ्यास तोटा सोसण्यास सांगणें सोपें असतें. मंडळीनें त्या बंधूस खरें बोलण्यास सांगावें, तर त्या खरेपणाचें ओझेंहि थोडें उचलावें. कोणी त्याच्या कर्जाचा एक हप्ता भरावा. कोणी पत्रा जोडण्याचें काम जाणत असेल त्यानें मजुरी घेऊं नये. पेरणीच्या वेळीं कोणी बियाणें उसनें द्यावें. हीं ओझीं वांटून घेणें हाच ख्रिस्ताचा नियम पाळणें होय, असें पौलानें गलतीकरांस लिहिलें आहे. ज्या मंडळींत खरें बोलणारा एकटाच बुडतो, तेथें पुढच्या वर्षीं खरें बोलणारा मिळणार नाहीं.

घेणारांनींहि जपावें. भोळेपणा हा सद्गुण नव्हे. गाडी घेण्यापूर्वीं तिच्यावर पाणी ओतून पाहावें, गालिचा व जादा चाकाची जागा उघडून पाहावी, आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे काय हें पाहावें, आणि दोष आहे काय असें साक्षीदारांसमोर स्पष्ट विचारावें. तसेंच चांगल्या मालास उगाच नांवें ठेवून किंमत पाडूं नये. नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायांत, घेतांना वाईट म्हणून पुढें गेल्यावर फुशारकी मारणाऱ्या गिऱ्हाइकाचेंहि चित्र काढलें आहे. सत्य दोन्ही बाजूंनीं द्यावयाचें असतें.

याकोबानें आपल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत धनवानांस सांगितलें आहे कीं, त्यांच्या सोन्यारुप्यावर चढलेला गंज त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल. पुट्टीखालचा गंजहि साक्षीदारच आहे. तो कांहीं महिने गप्प राहतो, इतकेंच. मोटारींत पाणी शिरतें, तसें मोहाचें पाणी आम्हां सर्वांच्या अंतःकरणांत शिरतें. तें बाहेर जाण्याची वाट म्हणजे देवापुढें व शेजाऱ्यापुढें पाप कबूल करणें. ती वाट बुजली कीं आंतून झीज सुरू होते. तरी प्रिय वाचकहो, या पावसाळ्यांत ज्यास आपल्या घरीं, दुकानीं किंवा व्यवहारांत असा एखादा झांकलेला डाग ठाऊक असेल, त्यानें गिऱ्हाईक येण्यापूर्वींच तो उघडा करावा. त्यासाठीं लागणारें धैर्य प्रभु त्यास देवो, आणि त्याचा तोटा वांटून घेणारे बंधु त्यास मंडळींत मिळोत.