उसाच्या बांधावरील पहारा

(वाचावे : नीतिसूत्रे २६:१३; लूक १३:१-५; योहान १०:११-१३; नहेम्या ४)



सूर्य मावळला की हल्ली आपल्या खेड्यांत दारे लवकर लागतात. अकोल्यापासून नेवाशापर्यंत प्रवरेच्या काठची कोणतीही मंडळी घ्या. सायंकाळच्या प्रार्थनेस पूर्वी जितकी माणसे जमत तितकी आता जमत नाहीत, आणि ज्या वस्त्या उसात आहेत तेथील माता तर बहुधा येतच नाहीत. त्यांस कोणी दोष देऊ नये. दारापुढे पंधरा पावलांवर ऊस उभा आहे, उसात काय आहे ते दिसत नाही, आणि कडेवर मूल आहे. बिबट्या हा आता केवळ डोंगरातला राहिला नाही, आपल्या शिवारातला झाला आहे. तेव्हा ह्या भयाच्या दिवसांत ख्रिस्ती मनुष्याने कसे बोलावे व कसे वागावे, ह्या प्रश्नाचा आज शास्त्राच्या उजेडात विचार करू.

नीतिसूत्रांत एका मनुष्याचे चित्र आहे. वाटेत सिंह आहे असे सांगून तो घरीच बसतो. ग्रंथकर्त्याने त्यास भित्रा म्हटले नाही, आळशी म्हटले, हे ध्यानात घ्यावे. त्या देशात सिंह खरोखर असत. दाविदाने आपल्या कळपासाठी एकाशी झुंज दिली होती. परंतु ह्या मनुष्याने तो पाहिला होता काय? शेजाऱ्याच्या लेकरास घरात ओढून घेण्यासाठी तो धावला काय? नाही. त्याने बातमी सांगितली, आणि बातमी सांगितली म्हणजे आपले कर्तव्य झाले असे मानले.

हा मनुष्य आजही आपल्या गावात राहतो. समजा, तिन्हीसांजेस उसाच्या कडेला कुत्रे भुंकले आणि पाने हलली. एकजण म्हणतो, मला शेपूट दिसले. पिठाच्या गिरणीपाशी त्या शेपटाचा बिबट्या होतो, दूधसंकलन केंद्रावर त्याची मादी व दोन बछडे होतात, आणि रात्री जेवणे उरकण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर एक चित्र येते. ते चित्र कोठले, केव्हाचे, खरे की यंत्राने घडविलेले, हे न विचारता आपण ते दहा जणांस धाडतो. दुसऱ्या दिवशी मजूर कामावर येत नाहीत, मुले शाळेस मुकतात, आणि वनखात्याचे लोक एका टोकास धावत असता खरा बिबट्या दुसऱ्या टोकास असतो. आठ दिवसांनी ती बातमी खोटी ठरली, की पुढची खरी बातमीही कोणी मानीत नाही. आणि त्याच दिवशी एखादे मूल एकटे परसात जाते. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा केवळ कचेरीसाठी दिलेली नाही. ती बांधावरही लागू आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात दोघा-तिघांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी असे ठरविलेले आहे. हा नियम आपण येथे चालवावा. सकाळी चारजणांनी मिळून ओल्या मातीतला माग पाहावा. बिबट्याच्या पंजाचा ठसा गोलसर असतो व त्यात नखे उमटत नाहीत, कारण तो चालताना नखे आत ओढून घेतो. कुत्र्याच्या व तरसाच्या ठशात नखे दिसतात. आपल्या जिल्ह्यात तरस पुष्कळ आहेत आणि अंधारात त्यांसच बिबट्या समजण्याची चूक नेहमी होते. जे पाहिले ते पाहिले म्हणावे, जे ऐकले ते ऐकले म्हणावे. खात्री झाल्यास ठिकाण व वेळ वनखात्यास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावी, आणि मग ती बातमी चौकात नव्हे, तर ज्याच्या घरास धोका आहे त्याच्या दारी प्रथम न्यावी.

आता कोणी विचारील, हे जनावर आपल्यामध्ये आलेच कसे? अकोल्याच्या डोंगराळ भागात आपले शेजारी पिढ्यानपिढ्या वाघोबाच्या शिळेस शेंदूर लावीत आले आहेत. आपण ती पूजा करीत नाही. तथापि हे जनावर ह्या भूमीचे जुने रहिवासी आहे, हे जे त्यांस कळले ते आपणही कळून घ्यावे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, पुढे मुळेवरही धरण झाले, साखर कारखाने निघाले, आणि जेथे ज्वारी-बाजरीचे उघडे रान होते तेथे बारमाही दाट ऊस उभा राहिला. त्या पाण्याने आपणा सर्वांची भाकरी वाढविली, त्याबद्दल देवाची स्तुती असो. परंतु त्याच उसाने बिबट्यास निवारा दिला, आणि आपल्या उकिरड्यांवर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांनी त्यास अन्न दिले.

हे अंदाजाचे बोलणे नव्हे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात रात्रीची छायाचित्रे घेणारी यंत्रे लावून अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे ५ बिबटे व तितकेच तरस, आणि त्याच भूमीवर दर चौरस किलोमीटरास ३०० हून अधिक माणसे, असे आढळले. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, म्हणजे शेकडा सुमारे ३९, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा शेकडा सुमारे ११, जरी त्या भागात शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी अधिक होत्या. म्हणजे आपण त्याचे घर बांधले, त्याचे ताट वाढले, आणि तो जेवावयास आला म्हणून आश्चर्य करीत बसलो. स्तोत्रकर्ता म्हणतो की सिंहाचे छावेही आपले अन्न देवाजवळ मागतात. पेत्राने सैतानास गर्जणाऱ्या सिंहाची उपमा दिली हे खरे. परंतु ती उपमा उलटी फिरवून प्रत्येक जनावरास सैतान ठरविण्याचा अधिकार आपणास नाही.

म्हणून विष घालणे, फासे लावणे, कुंपणात वीज सोडणे हे मार्ग ख्रिस्ती मनुष्याचे नव्हत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते मना आहेत, इतकेच नव्हे. त्या तारेस शेजाऱ्याचे मूलही शिवते. दाविदाने सिंह मारला, मग आम्ही का मारू नये, असे तरुण विचारतील. दावीद आपले कोकरू सोडविण्यासाठी एकटा गेला. गर्दी जमवून, दगड मारून, चित्र काढण्यासाठी गेला नाही. घेरलेला बिबट्या वाट फोडण्यासाठी माणसावर येतो. त्यास वाट मोकळी ठेवावी आणि पकडण्याचे काम ज्यांचे आहे त्यांस करू द्यावे.

बिबटे पकडून दूर सोडावे, अशीही मागणी होते. ह्याविषयी जुन्नरचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे १९९३ ते २००१ ह्या काळात माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. पुढे पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या रानांत नेऊन सोडण्यात आले, आणि हल्ल्यांची सरासरी वर्षास १७ वर गेली. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर भेदरते, भटकते, आणि नव्या माणसांच्या वाटेत येते. आपल्याच पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यात खुणेचा पट्टा बांधून, माळशेज घाटात सोडला होता. ज्यास लोक पुढे ‘आजोबा’ म्हणू लागले तोच हा. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या बोरिवलीच्या रानात पोहोचला. वाटेत त्याने कोणास दुखविले नाही. आपण नेमून दिलेल्या जागी जनावर राहत नाही. आपल्या दारचे संकट उचलून दुसऱ्याच्या दारी टाकणे हा उपाय नव्हे, आणि दुसऱ्यांनी आपणाशी जसे वागावे असे आपणास वाटते त्याविषयी प्रभूने जे शिकविले त्यास तो धरूनही नाही.

परंतु बंधूंनो, हे आकडे घेऊन शोकाच्या घरी जाऊ नका. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तीन माणसांचे प्राण गेले. त्यांत दोन मुले होती. त्याच नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यातही लेकरे गेली. ज्या मातेच्या हातचे मूल उसात ओढले गेले तिला शेकड्याचा हिशेब सांगणे हे क्रूरपण होय. त्याहून क्रूर म्हणजे, हे कोणत्या पापाचे फळ असेल, अशी कुजबूज. शिलोहाचा बुरूज पडून माणसे मेली तेव्हा प्रभूने असे बोलणाऱ्यांची तोंडे बंद केली. मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते, असे त्याने स्पष्ट सांगितले. अशा घरी जावे, जमिनीवर बसावे, रडणाऱ्यांबरोबर रडावे. आणि सरकार मृताच्या वारसांस जे साहाय्य देते त्याचा अर्ज लिहून द्यावा, कारण दुःखात मनुष्यास कागद सुचत नाही. हे सुवार्तिकाचेच काम आहे.

आता योहानाच्या शुभवर्तमानातील मेंढपाळाकडे वळू. तेथे दोघे आहेत, मेंढपाळ आणि मोलकरी. जनावर दोघांनाही दिसले. दृष्टीत फरक नव्हता. एक पळाला, एक उभा राहिला. कारण एकाला मेंढरे आपली वाटत होती आणि दुसऱ्यास नव्हती. तर मग आपण विचारू या, ह्या आपल्या शिवारात आज सर्वांत उघड्यावर कोण आहे?

ज्याच्या वाड्यास लोखंडी दार आहे तो नव्हे. दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगावाकडून, बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि कोपीस दार नसते. पहाटेच्या अंधारात आईबाप कोयते घेऊन उसात शिरतात. लहान मूल झोळीत किंवा बांधावर असते आणि त्याची राखण आठ वर्षांची बहीण करिते. ऊस तुटत जातो तसतसा बिबट्याचा आडोसा कमी होत जातो. कधी मादीचे बछडे तोडणीत सापडतात. ते उचलून न नेता तेथेच राहू देऊन वनखात्यास कळविले, तर बहुधा रात्री मादी येऊन त्यांस घेऊन जाते. जनावराची आई आपल्या पिलांसाठी फिरून येते, हे टोळीतल्या आईसही कळते. पण कोयता ठेवून आपल्या लेकराजवळ बसण्याची मोकळीक तिला नाही.

नहेम्याच्या दिवसांत यरुशलेमाचा कोट पडलेला असता लोकांनी काय केले? आपापल्या घरासमोरचा भाग बांधिला, आणि रात्री पाळीपाळीने पहारा केला. आपणही तसेच करावे. शेळ्यांचा गोठा वरून व चारी बाजूंनी जाळीने बंद करावा. उकिरडा घरापासून दूर व झाकलेला असावा. तिन्हीसांजेनंतर मुलांस एकटे परसात पाठवू नये. ओणवा किंवा बसलेला मनुष्य बिबट्यास लहान सावजासारखा दिसतो, हे घरोघरी सांगावे. रात्रीच्या पाळीचे पाणी देण्यास एकट्याने न जाता दोघांनी जावे, हातात विजेरी व काठी असावी, मोठ्याने बोलत किंवा गीत गात जावे.

हे सर्व आपल्या घरासमोरच्या भिंतीपुरते झाले. कोपीसमोरची भिंत कोणी बांधावी? तिचा मालक गावात नाही. येथे मी मंडळीच्या वडिलांस एक गोष्ट स्पष्ट विचारितो. आपल्या पुष्कळ गावांत उपासनेचे मंदिर आहे. त्यास चार भिंती आहेत, दार आहे, कडी आहे, दिवा आहे. आणि आठवड्यातील सहा रात्री ते कुलपात असते. तोडणीच्या चार-पाच महिन्यांत टोळीतील आया व लेकरे रात्री तेथे निजली तर काय बिघडेल? चटया मळतील. त्या धुता येतात. ती माणसे आपल्या मंडळीची नाहीत, असे कोणी म्हणेल. प्रभूने शेजारी कोण हे सांगितले तेव्हा मंडळीची वही उघडली नव्हती. धर्मांतर करविण्यासाठी हे चालले आहे असे लोक बोलतील, असे दुसरा म्हणेल. तर मग गावच्या पंचांस व टोळीच्या मुकादमास आधी भेटून उघडपणे सांगावे, की येथे उपदेश नाही, केवळ कडी आहे. आणि दिलेला शब्द पाळावा. मंदिर नसेल तेथे पंचायतीकडे शाळेची पडवी मागावी, कोपीजवळ एक दिवा लावून द्यावा, दिवसा आपल्या मुलांबरोबर त्यांची मुले बसवून घ्यावी.

काइनाने देवास उलट विचारिले होते, की भावाची राखण हे माझे काम आहे की काय. ते विचारतेवेळी त्याचा भाऊ शेतातच पडलेला होता. आपल्या शेतांतून तोच प्रश्न अजून ऐकू येतो.

बिबट्या करडाजवळ निजेल, असा दिवस यशयाने दुरून पाहिला. तो दिवस देवाच्या हाती आहे. तो उजाडेपर्यंत आपल्या हाती इतकेच आहे : गोठ्याची जाळी, जिभेवरील सत्य, आणि मंदिराच्या दाराची किल्ली. येत्या रविवारी उपासना झाल्यावर वडिलांनी ती किल्ली मेजावर ठेवावी, आणि ती कोणाच्या हाती द्यावयाची ते मंडळीने ठरवावे. खरा मेंढपाळ, जो आपणासाठी पळाला नाही, तो आपणास ते धैर्य देवो. आमेन.