गाळाचा वाटा

आमच्या इनामगावात मातीला दोन नावं. काळी म्हणजे कसायची आणि पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची. ही पांढरी घोडनदीच्या उजव्या काठाला आहे. 1968 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं तिथं खणायला आली आणि 1983 पर्यंत येत राहिली. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं तेव्हा आमच्या घराघरांत माहीत होती. मी दोन हंगाम पाट्या उचलल्या. सव्वातीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी नदीच्या पुराचं पाणी वळवायला पाट खणला होता आणि त्याला बांध घातला होता, तो आम्ही उघडा होताना पाहिला. मेलेल्या मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून त्याला घरातच पुरत. त्यानं गाव सोडून भटकू नये म्हणून तसं करत असावेत, असं ते जाणकार सांगायचे.

घरी हे सांगितलं तर आबा हसले. म्हणाले, "माणसाचं पाय तोडशील रं, मातीचं कसं तोडायचं? ती पावसाळा आला की निघालीच."

आबांचं म्हणणं असं की नदी ही पाव्हणी. दारात आली तर पाणी प्यावं, पिकाला द्यावं, पण तिच्या गाठोड्यात हात घालू नये. गाठोडं म्हणजे वाळू आणि गाळ. मला तेव्हा हे म्हातारपणाचं बोलणं वाटायचं.

पुढं त्या गाठोड्यात मीच हात घातला. थोरल्याचं इंजिनिअरिंग सुरू होतं, फी भरायची होती, आणि सलग दोन वर्षं पाऊस नव्हता. नदीकाठचं माझं रान वाळूवाल्यांना रस्त्यासाठी पाहिजे होतं. मी रस्ता दिला. ट्रॅक्टर, मग डंपर, मग रात्रीचे जेसीबी. तीन वर्षांत नदीचं पात्र आमच्या बाजूला दीड पुरुष खाली गेलं. पैसे मिळाले, फी भरली, पोरगं शिकलं. चौथ्या वर्षी माझ्या विहिरीनं होळीलाच तळ दाखवला. वाळू म्हणजे नदीच्या पोटातला स्पंज. तो काढला की काठाचं पाणी पात्रात उतरतं आणि वाहून जातं. हे कुणी शिकवायची गरज नव्हती, मला आधीही कळत होतं. म्हणून मी फसलो असं म्हणायची सोय नाही.

इथवरचा हिशेब सोपा आहे: मी केलं, मी भोगलं. शेजाऱ्याच्या विहिरीही उतरल्या, त्याबद्दल बोलणी खाल्ली, तीही पचवली. अवघड हिशेब पुढं आला.

तो थोरला नोकरीला विजयवाड्याला गेला. एका डिसेंबरात त्यानं आम्हा दोघांना नेलं. आपली घोड भीमेला मिळते, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला आणि कृष्णा तिकडं बंगालच्या उपसागराला. आमच्या बांधावरचं पाणी जिथं संपतं ती जागा बघायची म्हणून आम्ही हंसलादीवीला गेलो. डोंगर नाही, दगड नाही. सगळीकडं सपाट चिखल, खारफुटी, आणि वाळूच्या लांब दांड्यांमागं साचलेलं अर्धं खारं, अर्धं गोडं पाणी. मी वाकून चिखल हातात घेतला. काळा, चिकट. हिनं म्हटलं, "अहो, ही तर आपल्याच रानातली."

खरंच होती. सगळी नाही, पण होती. तो सगळा त्रिभुज प्रदेश दख्खनच्या वाहून गेलेल्या मातीचाच बनलेला आहे.

तिथं जाळं सुकवणारा एक म्हातारा होता. पोरानं मोडक्या तेलुगूत विचारलं आणि त्यानं हातवारे करत सांगितलं. भरती गढूळ पाणी आत आणते. भरून आलं की पाणी घडीभर थांबतं, तेवढ्यात गाळ खाली बसतो. ओहोटी लागली तरी बसलेला गाळ सगळा उचलला जात नाही, कारण चिकटलेली माती उचलायला जास्त जोर लागतो. खारफुटीची मुळं उरलेला धरून ठेवतात. अशी रोज दोनदा भरती, रोज बोटभरसुद्धा नाही, केसभर भर. आमच्याकडं पाटाचं पाणी वाफ्यात तुंबलं की तळाला जशी साय धरते तसंच.

आता समुद्र चढतोय. जगभराची सरासरी धरली तर वर्षाला तीन-चार मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण चिखलाचा तळही तेवढाच चढला तरच ती जागा पाण्यावर राहते. नदी गाळ देत असेल तर तळ चढतो. नदीनं हात आखडला तर भरती पुढच्या वाळूच्या दांड्यातून ओढते. म्हणजे बांधाची माती उकरून वाफा भरायचा. थोडे दिवस बरं दिसतं, मग बांधच फुटतो. त्यात ही माती स्वतःच्या वजनानं दबत असते, म्हणजे जमीन खाली आणि पाणी वर. म्हाताऱ्यानं समुद्राकडं बोट दाखवलं. त्याच्या बापाचं घर तिकडं होतं.

गाळ म्हणजे पुण्यच, असंही नाही. ओडिशातल्या चिलिकाला नद्यांच्या गाळानं इतकं कोंडलं होतं की तोंड बुजत चाललं, आत समुद्राचं पाणी पुरेना, मासे घटले. 2000 साली नवीन तोंड खणून दिलं तेव्हा ते सरोवर सावरलं. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचं सोपाऱ्याचं जुनं बंदरही गाळानंच संपलं. एकीकडं जास्त झाला म्हणून मरण, एकीकडं कमी पडला म्हणून.

परतताना गाडीत मी पोराला म्हटलं, "तुझ्या फीमधी ह्या लोकांचा वाटा गेला असंल का रं?"

तो हिशेबी. म्हणाला, "अण्णा, आपली वाळू इथं आलीच नसती. वर चिंचणीचं धरण, खाली उजनी, मग श्रीशैलम, नागार्जुनसागर. तुम्ही नसती काढली तरी उजनीतच बसली असती."

बरोबर आहे. उजनी 1980 पासून उभी आहे, 117 टीएमसीची. वाळूसारखा जड कण तर आधीच अडतो. माझ्या वाळूनं त्या म्हाताऱ्याचं घर गेलं नाही, हे मी कोर्टातही सिद्ध करू शकेन. तरी मला ते उत्तर पुरत नाही. आमच्याकडं भाकड गाय बाजारात नेणारा असंच म्हणतो: मी नाही तर दुसऱ्यानं नेली असती. प्रत्येक धरणानं, प्रत्येक डंपरानं हेच म्हटलं तर नुकसान पूर्ण होतं आणि करणारा कुणीच सापडत नाही. मला वाटतं, अशा कामात आपला वाटा नुकसानीच्या मापानं काढता येत नाही. कशात सामील झालो, एवढंच विचारता येतं. आणि मी सामील होतो.

पण मग दुसऱ्या बाजूनंही बोललं पाहिजे. उजनी नसती तर दौंड, इंदापूर, सोलापूरकडच्या कितीतरी रानांना पाणी नसतं. पुण्यातले मजले आमच्या नद्यांच्या वाळूवर चढले. त्यात राहणाऱ्यांनी मला शिकवू नये. आणि 2017 साली सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली तेव्हा मीही तलावातला गाळ चाळीस ट्रॉल्या माळावर टाकला. तो काढायलाच पाहिजे होता, माळाला ज्वारी आली. त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. मग वाळूबद्दल का वाटतं? गाळ वरून धुपून आलेल्या मातीचा, तो पुन्हा मातीला गेला. वाळू सिमेंटात गेली, ती आता कुणाचीच नाही. हा फरक मला पुरेसा वाटतो. पोराला वाटत नाही.

कृष्णेच्या पाण्याच्या वाटण्या झाल्या. 1969 साली बच्छावत लवाद नेमला, महाराष्ट्राला 560 टीएमसी, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. टीएमसीवरून आजही भांडणं आहेत. गाळ कुणी वाटायला घेतला नाही, कारण तो तेव्हा अडचण होता, मालमत्ता नव्हता. वाटपात ज्याचं नाव नाही त्याची चोरीही होत नाही, निदान कागदावर.

गेल्या वर्षी वाळूवाला पुन्हा आला. मी नाही म्हटलं. त्यानं वाद घातला नाही, पलीकडच्या गड्याचा रस्ता घेतला. त्या गड्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, त्यामुळं त्याला काय बोलणार? मी लग्नाला गेलो, जेवलो, आहेर केला.

माझ्या रानातला जुना डंपरांचा रस्ता मी तीनदा नांगरला. फाळ अजून टणकन उडतो, आणि दोन्ही बाजूंची बाजरी छातीला लागली तरी तेवढ्या पट्ट्यात ती गुडघ्याच्या वर येत नाही.