आजीचे जीबी कुठे जातात?

दिवाळीत गावी गेले होते. नेहमीप्रमाणे आजीच्या फोनचं रिचार्ज माझ्याकडे होतं. तिचा फोन बटणांचा. हिरवं दाबलं की लागतो, लाल दाबलं की कटतो, यापलीकडे तिला त्याच्याकडून काही नको असतं. मी मोबाइलवरून प्लॅन वाचून दाखवत होते, "अनलिमिटेड कॉल, रोज दीड जीबी..."

"ते जीबी मी कुठं वापरते गं?"

"तू नाही वापरत. ते सोबत येतातच."

"मग जातात कुठं?"

मी हसून विषय टाळला, पण रात्री हिशेब केला. रोज दीड जीबी म्हणजे वर्षाला ५४७ जीबी. ज्या फोनमध्ये इंटरनेट उघडतच नाही, त्यासाठी मी चार वर्षं हे विकत घेत होते. आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे, फक्त कॉल आणि एसएमएस देणारा प्लॅन तेव्हा बाजारात होता. मी शोधलाच नव्हता.

तो प्लॅन कंपन्यांनी आपणहून आणलेला नव्हता. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने ग्राहक संरक्षणाच्या नियमांत बारावी दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने निदान एक तरी व्हाउचर केवळ कॉल आणि एसएमएसचं ठेवलंच पाहिजे, असा तो नियम. व्हाउचरची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभाही मिळाली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांचे असे प्लॅन आले. उदाहरणार्थ, एअरटेलने ८४ दिवसांचा ४९९ रुपयांना आणि वर्षाचा १,९५९ रुपयांना आणला. बरीच ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते ४६९ आणि १,८४९ वर आले. ट्राय मोबाइलचे दर स्वतः ठरवत नाही. दर कंपन्या ठरवतात आणि ट्रायला कळवतात. त्यामुळे नियमाने दार उघडायला लावलं, पण तिकीट किती असावं हे कंपन्यांच्याच हातात राहिलं.

इथे माझ्यातली इंजिनिअर एक आक्षेप घेते, आणि तो अगदीच फालतू नाही. फोर-जी नेटवर्कवर कॉल हासुद्धा डेटाच असतो. खरा खर्च टॉवर, स्पेक्ट्रम, फायबर आणि विजेचा. आजीने दीड जीबी वापरले नाहीत म्हणून कंपनीचे फार पैसे वाचत नाहीत. मग तिने डेटाचे पैसे भरले असं तरी कशाला म्हणायचं? तिने नेटवर्कवर असण्याचे पैसे भरले, जीबी वरून फुकट मिळाले. थाळीतली कोशिंबीर नको म्हटली म्हणून खानावळवाला पैसे कमी करतो का?

बराच वेळ मला हा युक्तिवाद पटत होता. पण खानावळीत आणि इथे एक फरक आहे. थाळी नको असेल तर मी नुसती भाजी-भाकरी मागू शकते, दुसरीकडे जाऊ शकते, घरी जेवू शकते. आजीला मोबाइल नंबर सोडता येत नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, गॅसचा नंबर त्यावरून लागतो, आधारला तोच जोडलेला आहे. तो नंबर ही आता तिची निवड राहिलेली नाही. जी वस्तू नाकारताच येत नाही, तिच्यासोबत काय बांधून दिलं जातं हा प्रश्न फक्त धंद्याचा उरत नाही.

आपल्याला वाटतं, फसवणूक म्हणजे लपवणं. इथे काहीच लपवलेलं नव्हतं. दीड जीबी ठळक अक्षरांत छापलेले होते. तरीही मला वाटतं की आजीची संमती घेतलीच गेली नव्हती, कारण 'नको' म्हणायला जागा नव्हती. सगळं खरं सांगणं आणि निवड देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही.

बंडल देणाऱ्यांच्या बाजूने असंही म्हटलं जातं की सोबत डेटा असेल तर लोक हळूहळू इंटरनेटकडे वळतील. हेतू चांगला असू शकतो. पण आजी 'मागे राहिलेली' आहे हे कोणी ठरवलं? तिला तिच्या तीन मुलींशी रोज बोलायचं असतं, आणि ते ती करते. एखाद्याची गरज लहान आहे, एवढ्यावरून ती अपुरी ठरत नाही.

अर्थात, नियम झाला म्हणून न्याय झाला असंही नाही. एअरटेलचंच उदाहरण पुढे नेऊ. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर डेटासह २८ दिवसांचा प्लॅन १९९ रुपयांना होता, म्हणजे दिवसाला साधारण सात रुपये. कॉलचा वर्षाचा प्लॅन दिवसाला पाच रुपये. स्वस्त खरा, पण त्यासाठी १,८४९ रुपये एकरकमी हवेत, नाहीतर ८४ दिवसांचे ४६९. आमच्या शेजारच्या मावशी रोजंदारीवर शेतात जातात. त्यांच्या हातात एका वेळी १९९ असतात. म्हणजे जिला बचतीची सगळ्यात जास्त गरज, तिलाच नको असलेला डेटा घ्यावा लागतो. माझ्या आजीला पर्याय मिळाला, कारण तिला पगारदार नात आहे.

आणि या नातीबद्दलही थोडं बोलायला हवं. मी ज्या अ‍ॅपवर काम करते, त्यात पैसे भरायच्या पानावर एक जादा सेवा आधीच टिक केलेली असते. तो कोड माझा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे तेरा प्रकार दिलेत, न विचारता खरेदीत वस्तू घुसवणं हा त्यातलाच एक. टीममध्ये त्यावर चर्चा झाली तेव्हा मीच म्हणाले होते, "युजरला टिक काढता येतो ना?" येतो. मलाही आजीसाठी दुसरा प्लॅन शोधता येत होता. चार-सहा वेळा स्क्रोल करायचं होतं फक्त. मी ते केलं नाही, आणि मला तर हे सगळं कळतं.

सकाळी मी आजीचं वर्षाचं रिचार्ज केलं, बिनजीबीचं. तिला सांगितलं तर म्हणाली, "वर्षाचं? एवढे पैसे एकदम कशाला घातलेस? मी काय वर्षभर पुरते का?" मग फोन कानाला लावून धाकट्या आत्याशी बोलत बसली.

पुण्याला परत आल्यावर तो टिक काढून टाकण्याचा प्रस्ताव मी टीमसमोर ठेवला. त्याने उत्पन्न किती घटेल, एवढंच मला विचारण्यात आलंय. आकडा काढायचं काम माझ्याकडेच आहे. तो मोठा निघाला तर मी काय म्हणेन, हे मात्र मला आकडा काढण्याआधी ठरवायचंय.