शिखर खरं की नुसता चढउतार?

चि. सोनूस,


मरोळच्या गाळ्यात निर्यातीच्या मालाची किरणोत्सार-तपासणी आता तू बघणार, हे ऐकून बरं वाटलं. काम कंटाळवाणं वाटेल. पण 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 निघालं, त्याचा माग थेट आपल्या खोपोलीच्या फाउंड्रीपर्यंत आला होता. भंगारात मिसळलेला स्रोत कुठवर जातो, बघ!

आलेखातली शिखरं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर आंधळा विश्वास नको. शिखरं शोधायची मारिस्कोत्तीची 1967 सालची रीत अजून चालते. गॅमा आलेखाचा दुसरा फरक काढायचा. सरळ उतारावर तो शून्याजवळ राहतो, शिखराच्या माथ्यावर खोल जातो. ती खोली नेहमीच्या चढउताराच्या किती पट, एवढंच सॉफ्टवेअर पाहतं.

आणि चढउतार तर असणारच. एका चॅनेलमध्ये 100 काउंट अपेक्षित असले, तरी दहा-एक इकडेतिकडे होतात; हाच एक सिग्मा. चॅनेल 4096 आणि प्रत्येकाला तीन सिग्माची अट लावलीस, तर काही नसताना पाच-सहा ठिकाणी ‘सापडलं’ म्हणून ओरड होईल. अट आधी ठरव. आलेख बघून झाल्यावर ती बदलायची नाही, साहेब कितीही घाई करोत. वेळ चौपट मागून घे, सापेक्ष चढउतार निम्मा होईल.

मग शिखराची रुंदी बघ. जर्मेनियम डिटेक्टरवर 1332 केईव्हीला ती दोनेक केईव्ही हवी. एकाच चॅनेलचा काटा असेल तर सोडून दे. त्यानंतर त्या शिखराची भावंडं शोध. कोबाल्टचं 1332 आहे आणि 1173 नाही, असं होत नाही. सीझियमची गंमत वेगळीच. ग्रॅनाइटमध्ये त्याचं 662 दिसलं की नवशिके धास्तावतात, पण बिस्मथ-214 ची 665 ची बारीक रेघ शेजारीच असते. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरला त्या दोन रेघा वेगळ्या दिसतच नाहीत. त्याच बिस्मथच्या 609 आणि 1120 च्या रेघा ठळक असतील, तर जर्मेनियमवर मोजल्याशिवाय अहवालात सीझियम लिहू नकोस.

पोटॅशियमचं 1461 भिंतीतूनही येतं. ते जागेवरून हललं असेल, तर रात्री एसी बंद होता का ते आधी विचार. सोडियम आयोडाइडचा आलेख तापमानाने सरकतो. कॅलिब्रेशन करून घे, मगच नमुना ठेव.

तुझा,
मामा