गोठ्यातला कॅमेरा आणि धुळ्याचा तुरुंग

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या मळ्यांत हल्ली विहिरीशेजारच्या खांबावर कॅमेरा दिसतो. वर छोटे सोलर पॅनल, आत सिमकार्ड आणि मेमरी कार्ड. वीज दिवसाची आहे की रात्रीची, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मालक गावात असो की पुण्याला मुलाकडे, मळा त्याच्या खिशात.

हे नुसते खूळ नव्हे. तांब्यासाठी मोटारीची केबल कापून नेतात, ठिबकचे सामान जाते, शेळ्या जातात, खुंट्यावरची बैलजोडी जाते. त्याहून जिव्हारी लागतो तो दुसरा प्रकार. निसवलेली केळी एका रात्रीत कोयत्याने आडवी करून कुणीतरी जुने वैर वसूल करतो. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘कुणावर संशय?’ उत्तरात भाऊबंदाचे नाहीतर बांधशेजाऱ्याचे नाव घ्यावे लागते, आणि एकदा घेतलेले नाव परत घेता येत नाही. कॅमेऱ्याने शेतकऱ्याला या नाव घेण्यातून बऱ्याच अंशी सोडवले. ही त्याची खरी कमाई.

गोठ्यातही त्याचा उपयोग आहेच. व्यायला झालेली गाय चारा सोडते, उठबस करते, शेपटी उचलून धरते. पूर्वी घरातला कुणीतरी बॅटरी घेऊन रात्रभर चकरा मारायचा. गाईला मात्र त्या वेळी आडोसा आणि एकांत हवा असतो. पावलांनी आणि उजेडाने ती बुजते. अंधारातही बघू शकणारा कॅमेरा तिला कमी छळतो, हे मान्य करायलाच हवे.

पण याच कॅमेऱ्याची एक गंमत आहे. कॅमेऱ्याच्या उबेला आणि प्रकाशाला किडे जमतात, किड्यांसाठी कोळी भिंगासमोरच जाळे विणतो, आणि वाऱ्याने जाळे हलले की मालकाचा फोन ‘हालचाल आढळली’ म्हणून रात्रभर वाजत राहतो. दोन रात्री माणूस दचकून उठतो, मग सूचना बंद करून झोपतो. कॅमेरा मात्र बघतच असतो. नुसते बघणे आणि राखणे यांत केवढे अंतर आहे, ते इथे उघडे पडते.

या अंतराचा विचार खानदेशात पूर्वीच झालेला आहे, आणि तोही तुरुंगात. 1932 साली 21 फेब्रुवारी ते 19 जून दर रविवारी विनोबा भावे धुळ्याच्या कारागृहात कैद्यांसमोर गीतेवर बोलले. साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली. तेराव्या अध्यायात परमात्म्याला पाच नावे आहेत: उपद्रष्टा, अनुमंता, भर्ता, भोक्ता आणि महेश्वर. विनोबांनी या नावांच्या पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर देव फक्त जवळ बसून बघतो. माणूस नीट वागू लागला की त्याला संमती देतो, बरे केलेस म्हणतो. माणसाची ताकद अपुरी पडली की धावून येऊन भार उचलतो. पुढे कर्माचे फळ त्यालाच अर्पण होते, आणि शेवटी माणसाचे वेगळे असे काही उरत नाही.

म्हणजे बघणारा देव ही सुरुवात, आणि तीही सर्वांत खालची. ज्यांच्यावर अष्टौप्रहर पहारा होता अशा माणसांना हे सांगितले गेले, हे विसरता येत नाही.

कॅमेरा या पहिल्या पायरीवर येतो आणि तिथेच थांबतो. पुढच्या पायऱ्या माणसाने चढायच्या. गाय अडली तर वासराचे पाय धरायला हातच लागतात. ऑगस्ट 2022 मध्ये राज्यात गुरांच्या लम्पी आजाराच्या त्या वर्षीच्या साथीची सुरुवात रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. त्या आजारात आधी ताप चढतो, मग अंगावर गाठी उठतात. पाठीवरून हात फिरवणाऱ्याला जे सकाळी कळते, ते खांबावरच्या साध्या कॅमेऱ्याला गाठी मोठ्या होईपर्यंत कळत नाही. गोठ्यात जाणे कमी झाले असेल, तर कॅमेऱ्याने राखण वाढवली नाही, घटवली आहे.

आता अवघड भाग. गोठ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यात गुरांइतकाच सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, दिसतो.

कॅमेऱ्याला कौतुकाने साक्षीदार म्हणतात. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातल्या मंडळींना ते रुचले नसते. प्रतापशेठांनी 1916 साली उभ्या केलेल्या या संस्थेत अद्वैताचा कसून अभ्यास झाला. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारख्या तत्त्वज्ञाचा ग्रंथ 1930 साली तिथूनच प्रसिद्ध झाला. वेदान्तातला साक्षी सर्वांच्या ठायी एकच असतो, कशात गुंतलेला नसतो, कुणाच्या चहाड्या करत नाही. मालक आणि चाकर दोघेही त्याच्यासमोर सारखे उघडे. खांबावरच्या कॅमेऱ्याला मात्र मालक असतो. तो मालकाकडे पाठ करून सालदाराकडे तोंड करतो. सालदार किती वेळ बांधावर बसला हे त्यात येते. त्याचे पैसे किती दिवस थकले हे कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेन्थमने 1791 साली एक तुरुंग कागदावर उभा केला होता. मधल्या मनोऱ्यातून पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसावेत, पण आपल्याकडे या क्षणी कोण बघतेय हे कैद्याला कधीच कळू नये, अशी त्याची रचना होती. मालकाचा फोन कधी उघडा आणि कधी बंद हे न कळणाऱ्या सालदाराची गत याहून फार वेगळी नाही.

कुणी बघत असण्या-नसण्याचीच एक गोष्ट, कर्नाटकातल्या संत कनकदासांच्या केळ्याची, सगळीकडे सांगतात. कुणी पाहत नाही अशा जागी जाऊन केळे खा, असे गुरूने शिष्यांना सांगितले. बाकीचे खाऊन आले, कनकदासांनी मात्र देव नाही अशी जागाच सापडली नाही म्हणून केळे तसेच परत आणले. गोष्ट ऐकताना शिष्याचे कौतुक होते, आणि गुरूने केलेले मोठे काम नजरेआड होते. गुरू झाडामागे लपून बघत बसले नाहीत. बसले असते तर कनकदासांचा प्रामाणिकपणा कळायला वावच उरला नसता.

म्हणून कॅमेरे काढून टाकावेत? तसे म्हणणे सोपे आहे, आणि चुकीचे. ऑक्टोबर 2020 मध्ये रावेर तालुक्यातल्या बोरखेडा शिवारात, शेतात राहून राखण करणाऱ्या एका आदिवासी कुटुंबातल्या चार भावंडांची हत्या झाली. आईवडील तेव्हा घरी नव्हते. दुसऱ्याची केळी राखणाऱ्याची मुले कुणी राखायची, हा प्रश्न त्या घटनेने सगळ्या जिल्ह्यापुढे टाकला. सातपुड्यातून आलेली पावरा-बारेला आदिवासी कुटुंबे आजही मळ्यातल्या खोलीत एकटी राहतात. त्यांच्या दाराकडे येणारी वाट दाखवणारा कॅमेरा त्यांना हवाच असेल. त्यांची न्हाणी दाखवणारा नको असेल. दोन्हींत फरक फक्त भिंग कुठे वळवले याचा आहे, आणि तो मालकाच्या हाताने व्हायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क मळ्यातल्या एका खोलीत राहणाऱ्यालाही आहे.

खानदेशात सालदारकी आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत ठरते. साल किती, उचल किती, धान्य किती, हे तेव्हा समोरासमोर बोलले जाते. येत्या आखाजीला त्याच बैठकीत कॅमेऱ्याचेही बोलून घ्यावे: तो कुठे कुठे आहे, त्यात काय दिसते, चित्रण कोण बघतो, किती दिवस ठेवतो. आणि सालदाराच्या फोनवरही तेच चित्र चालू करून द्यावे. रात्री गाय अडली तर पहिल्यांदा धावायचे त्यालाच आहे.